पंखा वेगात का फिरतो? एका अनुमानाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की सरांचा विषय छापताना काही गडबड झाली आहे का. गडबड नाही. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने मोटारीच्या पंख्यावर तासभर बोलावं, हे थोडं विचित्र आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण अनुमान म्हणजे काय, हे इतकी वर्षं फळ्यावर लिहूनही जे आमच्या अंगी उतरलं नव्हतं ते या पंख्याने उतरवलं, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. ती हकिकत शेवटाकडे येईल. आधी इतिहास.

तक्रार साधी असते. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि रेडिएटरमागचा पंखा त्याच क्षणी पूर्ण वेगात. सकाळची वेळ, इंजिन थंडगार, एसी बंद, आणि बॉनेटखाली विमान सुटायच्या तयारीत असल्यासारखा आवाज. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कुठल्याही गॅरेजात जा, हे वाक्य कानावर पडतं: "फॅन सारखा फुल स्पीडला चालतोय." आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी कोणी उच्चारूच शकलं नसतं. पंखा जोवर इंजिनाला बांधलेला होता तोवर त्याला चुकता येत नव्हतं. 'कधी फिरायचं' हा निर्णय त्याच्याकडे आला, तेव्हापासून तो चुकू शकतो. आणि तेव्हापासून मेकॅनिकचं निम्मं काम हातातून डोक्यात गेलं.

पण पंख्याच्या आधी जरा नदीपाशी जाऊ.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक 'शेषवत्'. म्हणजे कार्य पाहून कारण ओळखायचं. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतो ते नदीचं. नदी दुथडी भरून, वेगाने वाहते आहे, यावरून वर कुठेतरी पाऊस झाला असला पाहिजे असं आपण म्हणतो. आपल्याकडे पावसाळ्यात बदलापूरला उल्हास नदीच्या पुलावर उभी असलेली माणसं नेमकं हेच करत असतात. इथे पाऊस नाही, पण पाणी चढलंय, म्हणजे वर कर्जतकडे झोडपलंय.

आता गंमत बघा. पुढे न्यायसूत्रांतच प्रतिपक्षाचा आक्षेप येतो. नदी फुगली म्हणजे पाऊसच झाला कशावरून? पुढे कुठे बांध पडला, प्रवाह अडला, तरीही पाणी चढतं. मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? यावर दिलेलं उत्तर आम्हाला फार मोलाचं वाटतं. नैयायिक असं म्हणत नाही, की अनुमान सोडून द्या. तो म्हणतो, तुम्ही नुसतं 'पाणी चढलं' एवढंच पाहिलंत, ही तुमची चूक. प्रवाहाचा वेग बघा, फेस बघा, पाण्याबरोबर वाहून येणारी फळं, पानं, लाकडं बघा. बांधामुळे तुंबलेल्या पाण्यात ही लक्षणं दिसणार नाहीत. म्हणजे दोष अनुमानाचा नव्हे, अर्धवट पाहण्याचा.

हे ध्यानात ठेवा. वेगात फिरणारा पंखा म्हणजे फुगलेली नदी आहे. वर खरोखर पाऊस पडतोय, की कुठेतरी बांध पडलाय, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

आता मोटारीकडे येऊ. पेट्रोल जाळून जी उष्णता निघते तिचा ढोबळ हिशेब असा: साधारण तिसरा हिस्सा उपयोगी कामाला येतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो, आणि उरलेला इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. ती उष्णता हवेत टाकायची, तर पाणी आणि हवा यांची गाठ घालून द्यावी लागते. हे काम नीट जमवलं विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने. डाइमलर कंपनीसाठी १९०० साली त्याने जी गाडी तयार केली, जिला पुढे मर्सिडीज हे नाव मिळालं, तिच्यात मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. सहा मिलिमीटरच्या चौकोनी ८,०७० बारीक नळ्या. आणि त्यामागे एक पंखा, म्हणजे गाडी हळू चालली तरी हवा खेचली जावी. आजच्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडा, मांडणी मुळात तीच आहे.

हा पंखा इंजिनालाच जोडलेला होता. इंजिन फिरलं की पंखा फिरणार, ते थांबलं की हा थांबणार. आपल्याकडे या पिढीची सगळ्यांना आठवणारी गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९५० च्या दशकात तिथे फियाट ११०० बनू लागली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं, आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' म्हणून धावू लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. यांतली शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली.

पद्मिनीच्या पंख्याला इंजिनावरून एक रबरी पट्टा यायचा. ही अगदी प्रामाणिक व्यवस्था होती, पण शहाणी नव्हती. घाटात ट्रकच्या मागे अडकलात, की इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू. आणि नेमकी तेव्हाच हवेची गरज जास्त. उलट मोकळ्या रस्त्यावर समोरून भरपूर वारा येतो, पंख्याची काहीच गरज नाही, पण तो आपला इंजिनाबरोबर गरगर फिरतोय आणि इंजिनाची ताकद खातोय. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की त्याला लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. म्हणजे ही उधळपट्टी लहान नव्हे. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, पाण्याचे डबे, रेडिएटरला पाणी पाजणारे ड्रायव्हर, हे दृश्य आमच्या पिढीने पाहिलेलं आहे.

त्या काळातलं निदान कसं होतं? हाताचं, कानाचं, नाकाचं. पट्टा सैल झाला तर तो चिरकायचा. अंगठ्याने दाबून बघायचं, किती दबतो. पंखा हळू फिरतोय अशी तक्रार शक्य होती. पण इंजिनाच्या मानाने वेगात फिरतोय, ही तक्रार शक्यच नव्हती. रोगांच्या यादीत हा रोगच नव्हता.

पंख्याला पहिल्यांदा थोडी अक्कल दिली ती व्हिस्कस क्लचने. आपल्याकडे जीपच्या घाटाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो आहे. पट्टा तोच, पण पट्टा आणि पंखा यांच्यामध्ये दाट सिलिकॉन तेलाची एक डबी. समोर दोन धातूंची एक गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून गरम हवा आली, की ती पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरतं आणि पंखा इंजिनाबरोबर ओढला जातो. हवा थंड झाली, की तेल मागे, पंखा निवांत. आणि इथेच इतिहासात पहिल्यांदा 'पंखा उगाच वेगात फिरतो' ही तक्रार जन्माला आली. कारण डबी आतून जाम झाली, की पंखा कायमचा इंजिनाला चिकटतो. त्याची ओळख सोपी आहे. ॲक्सिलरेटर दाबला, की घोंघावणं त्याच प्रमाणात वाढतं. इंजिन बंद करून, किल्ली काढून, गार झाल्यावर पंखा हाताने फिरवून बघायचा. थोडा जड पण सलग फिरला तर ठीक, हलतच नसेल तर डबी गेली.

दुसरी पायरी विजेची. तिचं कारण मात्र वेगळंच आहे, आणि इतिहासात अशी आडवळणाची कारणं फार भेटतात. इंजिन उभं ठेवायचं की आडवं, असा तो प्रश्न होता. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिसने 'मिनी' गाडीत इंजिन आडवं बसवलं. जागा वाचली, पण इंजिनाचा पट्ट्याकडचा भाग गाडीच्या बाजूला गेला. त्याने मग रेडिएटरच बाजूला, चाकाच्या कमानीपाशी नेऊन ठेवला, आणि पंखा पट्ट्यावरच राहिला. पुढच्या लोकांनी उलट केलं. रेडिएटर समोर राहू द्या, पंख्यालाच स्वतंत्र विजेची मोटर द्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर इंधन वाचवणारी प्रत्येक युक्ती हवीच होती.

आपल्याकडे ही आडव्या इंजिनाची, विजेच्या पंख्याची गाडी घरोघर पोचवली ती मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली. आणि अंबरनाथहून पाच स्टेशनांवर, आपल्या डोंबिवलीजवळच्या प्रीमिअरच्या कारखान्यात १९९४ पासून प्यूजो ३०९ बनू लागली, तीही त्याच घराण्यातली. तो कारखाना फार काळ टिकला नाही, तो इतिहास दुःखाचा आहे आणि वेगळ्या व्याख्यानाचा आहे. पण कुर्ल्याची पद्मिनी आणि डोंबिवलीची प्यूजो यांच्यामध्ये पंख्याच्या इतिहासातलं एक युग संपलं होतं, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

या विजेच्या पंख्याला सांगणारा कोण? रेडिएटरमध्ये बसवलेला एक थर्मोस्विच. पाणी साधारण पंचाण्णव अंशांच्या आसपास गेलं की संपर्क जुळतो, थोडं उतरलं की तुटतो. पंख्याला करंट जास्त लागतो, म्हणून मध्ये एक रिले. लहान करंट मोठ्या करंटला दार उघडून देतो, तसं. आता निर्णयाला पायऱ्या आल्या: पाणी, स्विच, रिले, मोटर. आणि जितक्या पायऱ्या, तितक्या घसरण्याच्या जागा. रिलेच्या आतले संपर्क ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात. मग कोणी हुकूम दिलेला नसतानाही पंखा चालू. काही गाड्यांत किल्ली काढली तरी चालूच, आणि सकाळी बॅटरी संपलेली.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतली व्यतिरेकाची पद्धत म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट काढा आणि फरक बघा. हातात टेस्ट लॅम्प घेऊन बसलेला मेकॅनिक हेच करतो. रिले उपटला. पंखा थांबला? म्हणजे वीज रिलेतूनच येत होती. नवा रिले बसवला आणि पंखा पुन्हा लगेच फिरला? मग रिले बिचारा निर्दोष आहे, त्याला वरून कोणीतरी हुकूम देतंय. रिले उपटूनही पंखा फिरतोच? मग तार कुठेतरी परस्पर चिकटली आहे. तीन उत्तरं, तीन वेगळ्या वाटा. एकही पार्ट विकत न घेता.

याच काळातलं आम्हाला सगळ्यांत आवडणारं कोडं सांगतो. काही गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. हळू वेगासाठी विजेच्या वाटेत एक रेझिस्टर घातलेला असतो. तो रेझिस्टर जळला, तर काय होईल? आपण म्हणू, पंखा कमजोर होईल. घडतं उलट. हळू वेग नाहीसाच होतो. पाणी तापायला लागतं तेव्हा पंखा गप्प बसतो, पाणी आणखी तापतं, दुसरी मर्यादा ओलांडतं, आणि मग पंखा एकदम पूर्ण वेगात सुटतो. मालक तक्रार काय घेऊन येतो? "फॅन फार जोरात फिरतो." खरी तक्रार ही आहे, की तो हळू फिरेनासा झाला आहे. डोळ्यांना दिसतो तो वेग, आणि दोष आहे वेगाच्या अभावात. नैयायिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ का मानलं, हे विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही घाम गाळला आहे. हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर फार बरं झालं असतं.

आता तिसरी पायरी, आणि खरी गुंतागुंत. २००० नंतर आपल्याकडे धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि त्याबरोबर इंजिनाचा संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासून गाडीने स्वतःचे दोष ठरलेल्या संकेतांकांत नोंदवून ठेवण्याची सक्ती झाली, हळूहळू ती पद्धत इथेही आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. आता पंख्याचा निर्णय संगणक घेतो, आणि तो अनेकांचं ऐकून घेतो. पाण्याचं तापमान किती, एसी लावलाय का, एसीच्या गॅसचा दाब किती. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो. आपल्या काटई-बदलापूर रस्त्याच्या धुळीने आणि चिखलाने तो बुजला, किंवा कोणी गॅस जास्त भरला, तर दाब चढतो आणि संगणक पंखा जोरात लावतो. इंजिनाचा यात काही संबंधच नाही. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी गाळणीत साठते आणि मधूनमधून खूप तापवून जाळली जाते. हे चालू असताना गाडी बंद केलीत, तर पंखा नंतरही काही मिनिटं जोरात फिरतो. हा दोषच नव्हे. लोक घाबरून गॅरेजात येतात.

पण या सगळ्यांत विचार करण्याजोगा प्रसंग तो, जेव्हा संगणकाला काहीच कळत नसतं.

पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर म्हणजे एक लहानसा रोधक आहे. गार असताना त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी. बऱ्याच गाड्यांत वीस अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ऐंशी-नव्वद अंशांना दोन-तीनशेवर उतरतो. आता समजा त्याची तार तुटली. तुटलेल्या तारेचा रोध अनंत. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, कमालीची थंडी. स्कॅनर लावलात तर तो दाखवतो, उणे चाळीस अंश. अंबरनाथमध्ये उणे चाळीस!

संगणक इथे काय करतो, ते बघा. त्याने साक्ष जशीच्या तशी मानली, तर पंखा कधीच लावायला नको. पण त्याच्या रचनाकाराने त्याला आधीच सांगून ठेवलं आहे, की असा आकडा आला तर साक्षीदारावर विश्वास ठेवू नकोस. मग पाणी किती गरम आहे? माहीत नाही. आणि माहीत नाही तेव्हा काय करायचं? पंखा पूर्ण वेगात लावायचा. कारण उगाच गार केलं तर थोडं पेट्रोल आणि थोडा आवाज जाईल, पण गार करायचं राहिलं तर इंजिन जाईल. दोन्ही चुका सारख्या महागाच्या नाहीत. म्हणून मोटारवाल्यांच्या जगात पूर्ण वेगात फिरणाऱ्या पंख्याचा अर्थ पुष्कळदा 'फार गरम आहे' असा नसतोच. त्याचा अर्थ असतो, 'मला दिसत नाही, म्हणून मी सावध आहे.'

ही कल्पना मोटारीची नाही, ती रेल्वेची आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे भीषण अपघात झाला. बर्फ साठून सिग्नलचे हात 'रस्ता मोकळा' याच स्थितीत अडकून राहिले होते. यंत्र बिघडलं, आणि बिघडलेलं यंत्र 'या, काही धोका नाही' असं सांगत राहिलं. त्यातून धडा घेतला गेला तो असा, की बिघाड झालाच तर यंत्राने धोक्याच्या बाजूला पडावं. वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये जो स्वयंचलित ब्रेक काढला, त्यात नळी फुटली की ब्रेक सुटत नाही, उलट लागतो. आपण गाडीत साखळी ओढतो तेव्हा हेच होतं. साखळी ब्रेक 'लावत' नाही, ब्रेक उघडा धरून ठेवणारा नळीतला दाब ती बिघडवते. कल्याणहून रोज लोकलने जाणारे आपण सगळे या तत्त्वाच्या भरवशावर प्रवास करतो. अज्ञानात असताना सुरक्षित बाजूला झुकावं, हे शहाणपण रेल्वेने लोखंडात घडवलं, आणि तेच आता आपल्या गाडीच्या पंख्यात आहे.

आता आमची हकिकत.

एका पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या खाली पाणी साठलं आणि गाडी काही तास त्यात उभी होती. पुढे नवरात्राच्या सुमारास पंखा सारखा पूर्ण वेगात फिरू लागला. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. एका गॅरेजात नेली. रिले बदलला. फरक नाही. पंख्याची मोटर बदलली. फरक नाही. दिवा 'पुसून' दिला, तो परत लागला. खरं सांगायचं तर आम्हाला कारण नको होतं, शांतता हवी होती. तिथल्या एका मुलाने सुचवलं, "सर, वायर कट करून आत एक बटण देतो. पाहिजे तेव्हा लावा, नाही तर बंद." आम्ही म्हटलं, द्या. यात त्या मुलाचा दोष नाही. व्याप्ती, व्यभिचार, उपाधी शिकवणारे आम्ही होतो, तो नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडवरून माळशेज घाटाकडे निघालो. आमच्या सौ. पुढे, नात मागच्या सीटवर. बटण लावायचं आम्ही विसरलो. पण काळजी वाटली नाही, कारण तापमानाचा काटा अगदी तळाशी होता. टोकावडे मागे पडलं, चढ लागला, काटा तळाशीच. आम्ही सौ.ना म्हणालोसुद्धा, "बघ, गाडी किती गार चालली आहे." मग गोडसर वास आला, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन बंद पडलं होतं. आम्ही टोपण उघडायला गेलो, तेव्हा मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने ओरडून हात मागे घ्यायला लावला. आतलं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं. टोपण उघडताक्षणी ते तोंडावर येतं. नात रस्त्याच्या कडेला आजीचा पदर धरून उभी होती, अगदी आमच्या पाठीमागे. तेवढं एक आम्हाला अजून रात्रीचं आठवतं.

आमच्या गाडीत काटा आणि संगणक, दोघांचा साक्षीदार एकच, तो सेन्सर. तो मेलेला होता, म्हणून काटा तळाशी. चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेल्या गाडीचा काटा तळाशी कसा असेल, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे प्रमाण मानलं, म्हणजे दिसत नाही यावरून नाही असं जाणणं. पण त्यांनी अट घातली योग्यतेची. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणं हा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. आम्ही आंधळ्या काट्याला विचारत होतो, उष्णता दिसते का, आणि तो 'नाही' म्हणाला म्हणून खूश होतो. संगणक निदान आपलं अज्ञान ओळखून सावध होता. ती सावधगिरी आम्ही बटणाने कापली, आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही.

हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. दुरुस्तीनंतर गाडी अंबरनाथच्या एका जुन्या मिस्त्रींकडे दाखवली. पद्मिनीवर हात बसलेले, आता सत्तरीकडे आलेले. त्यांनी आधी बटणाकडे पाहिलं. "हे कोणी बसवलं?" आम्ही म्हटलं, "आम्हीच सांगितलं." ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "सर, गाडी रात्रभर इथेच राहू द्या. सकाळी गार असताना बघू."

सकाळी त्यांच्या मुलाने स्कॅनर लावला. संकेतांक पी०११८. रात्रभर उभी राहिलेली गाडी, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि बाहेरची हवा यांचं तापमान जवळपास सारखंच असायला हवं. आत येणाऱ्या हवेचा सेन्सर सांगत होता सत्तावीस. पाण्याचा सांगत होता उणे चाळीस. मिस्त्री हसले. "सर, तुमची गाडी हिमालयात उभी आहे." मुलगा नवा सेन्सर आणायला निघाला, तेव्हा त्यांनी थांबवलं. "कोड सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही. तिथून खबर येत नाही असं म्हणतो." सेन्सरचा प्लग काढला आणि तारांची दोन टोकं एका लहान तारेने जोडली. स्कॅनरवरचा आकडा उणे चाळीसवरून एकदम वरच्या टोकाला गेला. म्हणजे इथून संगणकापर्यंतची तार शाबूत, संगणकही शाबूत. मग प्लग उलटा करून आम्हाला दाखवला. पितळी पिनांवर हिरवी बुरशी यावी तसा गंज. पावसाळ्यातलं पाणी. सेन्सर स्वतः ठणठणीत होता. प्लग बदलला, काही शे रुपयांत काम झालं. पंखा गप्प झाला, काटा मधोमध आला. बटण त्यांनी काढून आमच्या हातावर ठेवलं. ते अजून आमच्या टेबलावर आहे.

आता वाहत आलेली फळं, पानं, लाकडं आठवा. सकाळची गार गाडी, दोन सेन्सरांची तुलना, प्लग काढल्यावर आकडा हलतो का, रिले उपटल्यावर पंखा थांबतो का, आवाज ॲक्सिलरेटरबरोबर वाढतो का, एसी बंद केल्यावर फरक पडतो का. आणि त्यापेक्षाही आधी, इंजिन खरोखर गरम तर नाही ना? पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर बुजला असेल, तर पंखा खरंच बोलतोय, वर खरोखर पाऊस आहे. नुसतं 'पंखा जोरात' एवढ्यावरून पार्ट बदलणं म्हणजे नुसतं पाणी चढलेलं पाहून पाऊस ठरवणं.

लोक म्हणतात, स्कॅनर आला आणि जुन्या मिस्त्रींचं ज्ञान संपलं. आम्हाला तसं दिसलं नाही. कानाचं आणि अंगठ्याचं ज्ञान थोडं मागे पडलं, हे खरं. पण स्कॅनर देतो ती साक्ष, निर्णय नव्हे. साक्ष कोणाची, त्याला दिसत होतं का, दुसऱ्या कोणाशी ती जुळते का, हे विचारणारा माणूस लागतोच. आपल्याकडच्या आयटीआयमधून जी मुलं बाहेर पडतात, त्यांच्या हाती स्कॅनर आहे. हा प्रश्न विचारायची सवयही त्यांना कोणी लावली, तर दोन हजार वर्षांपूर्वीचा तो नदीकाठचा वाद वाया गेला नाही असं म्हणता येईल.

निघताना मिस्त्री एक वाक्य बोलले. "सर, पंखा वेडा नव्हता. त्याला कोणी काही सांगत नव्हतं." आम्ही इतकी वर्षं शिकवलेलं त्याहून सोप्या भाषेत आम्हाला सांगता आलं नसतं. तेव्हा इथेच थांबतो. तुमच्यापैकी कोणाच्या गाडीत असं बटण असेल, तर प्रश्नोत्तरांच्या आधी तेवढं सांगा.